सॉफ्टवेअरची पारख

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून राजवाड्याकडे निघावे आणि राजवाड्यास वळसा घालावा, म्हणजे सराफा लागतो. रात्री तेथे मिळणाऱ्या खाद्यपदार्थांमुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली आहे. तथापि दिवसा तेथे चालणारा मूळ व्यवहार सोन्याचांदीचाच. जुने जाणते सराफ सोने पारखताना कसोटीच्या काळ्या दगडावर त्याची एक रेघ ओढीत. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढीत, दोहोंवर आम्ल लावीत आणि कोणती रेघ कितपत टिकते ते पाहून निर्णय देत. अज्ञात वस्तू ज्ञात वस्तूच्या शेजारी ठेवून पाहावयाची, एवढेच या पद्धतीचे मर्म होय.

हेच मर्म आज आपणांस एका वेगळ्याच क्षेत्रात उपयोगी पडणार आहे. घरोघरी मोबाइल आहेत, पुष्कळ ठिकाणी संगणक आहेत, आणि त्यांवर छंद, खेळ व भाषा शिकविण्याचा दावा करणारी असंख्य साधने क्षणार्धात उतरवून घेता येतात. ती उतरविणे सोपे, आवडणे त्याहून सोपे. परंतु ती खरी किती हे ओळखणे मात्र कठीण. ती कशी पारखावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे करणार आहोत.

सॉफ्टवेअर म्हणजे काय व ते कसे मिळते

संगणकाने किंवा मोबाइलने एखादे काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. मराठीत त्यास ‘आज्ञावली’ असा समर्पक शब्द आहे. मोबाइलवरील आज्ञावलीस आपण सर्रास ‘ॲप’ म्हणतो. यंत्र स्वतः काही ठरवीत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने जे गृहीत धरले, तेच यंत्र पाळते. म्हणूनच प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात त्याच्या कर्त्याची एक मोजपट्टी लपलेली असते. ती पट्टी आपल्या कामास, आपल्या भाषेस आणि आपल्या घरास लागू पडते की नाही, हे शोधून काढणे म्हणजेच सॉफ्टवेअरची पारख.

ही साधने साधारणपणे चार प्रकारांनी आपल्या हाती येतात. काही पैसे देऊन विकत घ्यावी लागतात. काही थोडे दिवस फुकट वापरावयास देतात आणि नंतर वर्गणी मागतात. काही जाहिरातींच्या जोरावर चालतात. चौथा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. त्याची आज्ञावली सर्वांस खुली असते. कोणीही ती वाचावी, सुधारावी व वाटावी. लहान मुलांसाठी २००० साली फ्रान्समध्ये आरंभिलेले ‘जीकाँप्री’ हे याच प्रकारातील. ‘मला समजले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावर त्याचे नाव बेतले आहे. २००२ साली निघालेले ‘टक्स पेंट’ हे चित्रे काढण्याचे साधनही असेच मुक्त आहे. आमच्या धाकट्या वाचकांनी या दोहोंपासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.

आकाशाची कसोटी

छंदांमध्ये आकाशदर्शनाचा छंद प्रथम घेऊ. कारण येथे कसोटीचा दगड प्रत्येकाच्या डोक्यावरच आहे. ‘स्टेलॅरियम’ हे आकाश दाखविणारे सॉफ्टवेअर फाबियँ शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली लिहावयास घेतले. संगणकासाठी ते विनामूल्य आहे. आपले गाव, दिनांक व वेळ सांगितली, की त्या क्षणीचे आकाश ते पडद्यावर उभे करते. पाश्चात्त्य तारकासमूहांच्या जोडीने भारतीय नक्षत्रांची मांडणीही त्यात पाहावयास मिळते. कृष्णपुऱ्यासारख्या दिव्यांनी उजळलेल्या वस्तीतून अंधुक तारे दिसत नाहीत, ही गोष्टही ते विसरत नाही. आकाशातील उजेडाचे प्रमाण त्यात कमीअधिक करता येते.

आता या साधनाची परीक्षा पाहा. इंदूरचे अक्षांश सुमारे २२ अंश ४३ मिनिटे उत्तर आहेत. भूगोलाच्या नियमाप्रमाणे ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर दिसला पाहिजे. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली, तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. उत्तर दिशा मोकळी असलेल्या एखाद्या गच्चीवर जाऊन क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजाव्यात आणि त्यांवर बोटभर जागा सोडावी. ध्रुव तेथेच असावयास हवा. पडद्यावरील अंक व मुठीचे माप जुळले, म्हणजे आपण गाव बरोबर निवडले आणि सॉफ्टवेअरही बरोबर चालते, अशा दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात.

दुसरी परीक्षा दिवसा घ्यावयाची आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो: एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्या मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लुप्त होते. ही मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता मात्र येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे रेखांशाची आहे. इंदूर ७५ अंश ५१ मिनिटांवर, म्हणजे त्याच्या ६ अंश ३९ मिनिटे पश्चिमेस आहे. दर अंशास ४ मिनिटे, या हिशेबाने आपली मध्यान्ह सुमारे २७ मिनिटे उशिरा होते. सॉफ्टवेअरमध्ये तो दिवस व ती वेळ आधी पाहून ठेवावी आणि शाळेच्या अंगणात काठी रोवून खात्री करावी. जुलैत ढग आड येण्याचा संभव अधिक, म्हणून जूनचा दिवस साधणे शहाणपणाचे.

येथून अवघ्या ५५ किलोमीटरांवर उज्जैन येथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील दगडी यंत्रेही आकाशाशी ताडून पाहूनच विश्वासास पात्र ठरतात. पडद्यावरील आकाशास निराळा नियम लावण्याचे कारण नाही.

स्वरांची कसोटी

आकाशाच्या बाबतीत सर्वांची मोजपट्टी एकच असते. संगीतात तसे नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. लता मंगेशकर यांचा जन्म ज्या गावी २८ सप्टेंबर १९२९ रोजी झाला, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीमुळे ज्याचे नाव एका घराण्यास लाभले, त्या आपल्या इंदुरात गाणे शिकणाऱ्या मुलामुलींची उणीव नाही. घरी तंबोरा नसला, तर मोबाइलवरील तंबोऱ्याच्या ॲपवर रियाज चालतो. स्वर बरोबर लागला की नाही, हे काट्याने दाखविणारी साधनेही पुष्कळ आहेत.

समजा, षड्ज दर सेकंदास २४० कंपनांचा धरला. पंचमाचे षड्जाशी प्रमाण ३ : २, म्हणून पंचम ३६० कंपनांचा. शुद्ध गंधाराचे प्रमाण ५ : ४, म्हणून तो ३०० कंपनांचा. हाच गंधार जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून सूक्ष्मपणे ऐकू येतो. परंतु हार्मोनियम किंवा पियानो यांच्यासाठी सप्तकाचे बारा समान भाग पाडण्याची जी पद्धत रूढ आहे, तीत गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा होतो. पंचमात पडणारा फरक नगण्य, अर्ध्या कंपनाहूनही कमी. गंधारातील फरक मात्र जाणकार कानास स्पष्ट कळतो.

स्वर दाखविणारी पुष्कळशी साधने या बारा समान भागांच्या पट्टीवर बेतलेली असतात. त्यामुळे होते असे, की विद्यार्थिनी गुरूने शिकविलेला, तंबोऱ्याशी तंतोतंत मिळणारा गंधार लावते आणि काटा तिला सांगतो, ‘स्वर उतरला आहे.’ यंत्र बिघडलेले नसते आणि विद्यार्थिनीचीही चूक नसते. मोजपट्टी वेगळी असते. हे ज्यास ठाऊक नाही, तो आपला खरा स्वर सोडून काट्याच्या मागे जाईल आणि काही महिन्यांत कान बिघडवून बसेल. यास्तव असे साधन घेताना प्रथम त्यात स्वरांची प्रमाणे निवडण्याची सोय आहे का, हे पाहावे. नसल्यास काट्याचा उपयोग केवळ षड्ज व पंचम यांपुरता करावा आणि बाकीच्या स्वरांसाठी गुरूच्या कानावर विसंबावे.

पटावरील कसोटी

खेळांपैकी बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. आय. बी. एम. कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव यास सहा डावांच्या सामन्यात ३½ विरुद्ध २½ गुणांनी हरविले. तो संगणक सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपाशीत असे. आज ‘स्टॉकफिश’ हे २००८ साली निघालेले मुक्त सॉफ्टवेअर साध्या मोबाइलवर चालते आणि कोणत्याही मनुष्यास सहज हरवू शकते. २०१० साली फ्रान्समध्ये तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेल्या ‘लीचेस’वर तेच साधन कोणासही विनामूल्य व जाहिरातींवाचून वापरता येते, त्याचा खर्च देणग्यांवर चालतो. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, हे वाचकांस स्मरत असेलच. तिच्या पिढीचे सर्वच खेळाडू संगणकाच्या साह्याने अभ्यास करतात.

परंतु साधन बलाढ्य असणे वेगळे आणि ते शिकणाऱ्यास उपयोगी पडणे वेगळे. आपण एक खेळी करताच यंत्र तत्काळ सांगते की याहून अमुक खेळी चांगली होती. ती आपण पाहतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा होते, कारण विचार यंत्राने केला, आपण केवळ वाचला. म्हणून खेळ संपल्यावर प्रथम यंत्र बंद ठेवून आपणच वहीत लिहावे: डाव कोठे फिरला, का फिरला, आपण काय करावयास हवे होते. त्यानंतर यंत्राचे मत पाहावे. दोन आठवड्यांनी वहीतील उत्तरे व यंत्राची उत्तरे अधिकाधिक जुळू लागली, तर समजावे की साधनाने आपणांस काही शिकविले.

येथेही मोजपट्टीचा प्रश्न आहेच. आपल्याकडील पुष्कळ आजोबा देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत आले. तीत प्यादे आरंभी दोन घरे उडी मारीत नाही, आणि पलीकडच्या टोकास पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मोहऱ्याचे रूप घेते. ॲपवर आंतरराष्ट्रीय नियम असल्यामुळे आजोबांच्या पद्धतीचा डाव तेथे मांडताच येत नाही. यावरून आजोबांस खेळ येत नाही असे समजणे अन्यायाचे होईल. सुलतान खान हे प्रथम देशी पद्धतीच शिकले होते. नंतर आंतरराष्ट्रीय नियम आत्मसात करून त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले.

भाषेची कसोटी

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि आम्हां माळव्यातील मराठी कुटुंबांस सर्वांत जवळच्या विषयाकडे वळू. भाषा शिकविणाऱ्या साधनांपैकी बहुतेकांचा पाया एका जुन्या प्रयोगात आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती काळाने किती विसरतात, हे त्याने मोजले आणि १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग आरंभी फार असतो व पुढे मंदावतो. योग्य वेळी उजळणी केल्यास स्मरण टिकते, असे त्यातून दिसले. ‘अंकी’ हे २००६ साली निघालेले सॉफ्टवेअर या तत्त्वावर चालते. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पाठांतर’ असा आहे. जो शब्द आपणांस आठवला, तो ते अधिक दिवसांनी पुन्हा विचारते. जो चुकला, तो लवकर विचारते. आपल्या वाडवडिलांनी पावकी, निमकी व दिडकी रोज म्हणवून घेतली, तीत उजळणीचे हेच तत्त्व होते; ‘अंकी’ने केवळ प्रत्येक शब्दासाठी वेळापत्रक वेगळे केले.

‘ड्युओलिंगो’सारखी २०१२ साली सर्वांस खुली झालेली साधने पाठांना खेळाचे रूप देतात आणि सलग किती दिवस अभ्यास झाला, याची गणती ठेवतात. शिक्षण मंत्रालयाने २०२१ साली ‘भाषा संगम’ या ॲपद्वारे मराठीसह २२ भारतीय भाषांतील नित्याची १०० वाक्ये उपलब्ध करून दिली. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने राजभाषा विभागासाठी ‘लीला’ हे हिंदी शिकविणारे साधन तयार केले. प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु सलग दिवसांची संख्या म्हणजे भाषेचे ज्ञान नव्हे. शंभर दिवस पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने पडदा बाजूस ठेवून त्या भाषेत पाच मिनिटे बोलून दाखवावे. तेवढीच खरी परीक्षा.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. तारे आपण स्वतः पाहू शकतो, सावली मोजू शकतो. पण जी भाषा आपणांस येतच नाही, ती शिकविणारे साधन बरोबर शिकविते की नाही, हे आपण कसे ठरवावे? याचे उत्तर असे, की जी भाषा आपणांस येते तीत त्या साधनाची आधी परीक्षा घ्यावी. मराठीसाठी आम्ही काही सोप्या कसोट्या सुचवितो.

पहिली कसोटी उच्चाराची. यंत्राकडून ‘चार’ आणि ‘चारा’, तसेच ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ हे शब्द वाचून घ्यावेत. मराठीत या जोड्यांतील ‘च’ दोन वेगळ्या प्रकारे उच्चारला जातो. ज्या यंत्रास केवळ हिंदीचा ‘च’ ठाऊक, ते चारही शब्दांत एकच उच्चार करील.

दुसरी कसोटी लेखनाची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील अंतर तर पंगतीस बसलेला कोणीही सांगेल. हे दोन्ही प्रकारचे ‘र’ कळफलकावरून उमटविता येतात का, ते पाहावे. ‘ळ’ सहज सापडतो का, हेही पाहावे. प्रमाणित ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात ‘ल’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ळ’ मिळतो.

तिसरी कसोटी अर्थाची. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, मराठीत त्रास. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘एवढ्याशा कामासाठी किती यातायात झाली!’ हे वाक्य भाषांतर करणाऱ्या साधनास द्यावे आणि तो रस्त्यावरील गाड्यांविषयी बोलू लागतो का, ते पाहावे.

चौथी कसोटी व्याकरणाची. ‘आम्ही जाऊ’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, ‘आपण जाऊ’ म्हटले तर तो आत येतो. हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या साच्यावर बेतलेले साधन हा भेद बहुधा पुसून टाकते. तीच गोष्ट नपुंसकलिंगाची. ‘ते झाड मोठे आहे’ हे वाक्य ते कसे हाताळते, यावरून पुष्कळ कळून येते.

या कसोट्या क्षुल्लक नाहीत. यंत्रांच्या जगात मराठीस जागा आपोआप मिळालेली नाही. जगातील लिप्यांना संगणकावर एकच क्रमांकपद्धती देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी होती; तथापि ‘ॲप’ हा शब्द ज्याने सुरू होतो, ते ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून तीत २००८ साली आले. गूगलच्या भाषांतर-साधनात मराठी २०१३ साली दाखल झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण दर्जा मिळाल्याने आपल्या मोबाइलचा कळफलक मराठी होत नाही. तो आपणच निवडावा लागतो.

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांहून अधिक होते. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली, तेव्हापासून या शहरात मराठी अखंड बोलली जात आहे. शाळेत, बाजारात, मित्रांत हिंदी. घरात मराठी, असा आपला क्रम आहे. त्यातून मोबाइलचा कळफलक हिंदी असला, तर ‘मला’ लिहिताना यंत्र हिंदी शब्द पुढे करते, ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो आणि हळूहळू लिहिणाऱ्यास त्याचे काही वाटेनासे होते. मग कोणी पालक म्हणतात, ‘मुलांना मराठी शिकविण्यासाठी एखादे चांगले ॲप सांगा.’

आमचे उत्तर असे, की ॲप अवश्य घ्यावे. परंतु त्याची पारख करणारे माणूस घरात आहे तोवर त्याचा उपयोग आधी करून घ्यावा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील भेद आजीस कोणी शिकविलेला नाही, तरी ती तो कधी चुकत नाही. तिच्या बोलण्यात माळव्याचा रंग असेल, पुण्याच्या पुस्तकांत न सापडणारे शब्द असतील. यंत्र कदाचित त्यांखाली तांबडी रेघ ओढील. तरीही आपल्या घरातील मराठीची कसोटी तीच आहे. कसोटीचा दगडच हरवला, तर बाजारातील प्रत्येक पिवळा धातू सोन्यासारखाच दिसेल.

यासाठी एक छंद आम्ही आवर्जून सुचवितो. ‘ऑडॅसिटी’ हे ध्वनिमुद्रणाचे मुक्त सॉफ्टवेअर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मास आले आणि मे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ते संगणकावर उतरवून घ्यावे आणि आजी-आजोबांच्या परवानगीने त्यांच्या तोंडच्या म्हणी, स्वयंपाकघरातील शब्द, लग्नकार्यांच्या हकिकती मुद्रित कराव्यात. प्रत्येक मुद्रणास दिनांक व विषय लिहून ठेवावा. पुढे त्यातील शब्दांची ‘अंकी’मध्ये पत्रे करावीत आणि त्यांना आजीचाच आवाज जोडावा. असा पाठ कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

किंमत कशी मोजावी

फुकट म्हटलेल्या वस्तूचीही किंमत असते, आणि ती तीन प्रकारे घेतली जाते.

पहिली किंमत पैशांची. थोडे दिवस विनामूल्य म्हणून घेतलेले साधन मुदत संपताच वर्गणी कापू लागते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार अशी आपोआप होणारी कपात करण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ती सूचना पालकांनी वाचावी आणि नको असल्यास वर्गणी तेव्हाच थांबवावी. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपासून तर पूर्णपणे दूर राहावे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदीच घातली आहे.

दुसरी किंमत माहितीची. तंबोऱ्याच्या ॲपला ध्वनिग्राहक लागणार नाही, आकाशाच्या ॲपला आपल्या ओळखीच्यांचे दूरध्वनी क्रमांक लागणार नाहीत. जी परवानगी कामाशी संबंधित नाही, ती नाकारावी. नाकारल्यावर जे चालेनासे होते, ते काढून टाकावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली झाला, त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. म्हणून वय खोटे सांगून नोंदणी करणे म्हणजे आपणच आपले कवच फेकून देणे होय.

तिसरी किंमत वेळेची, आणि ती परत मिळत नाही. पाच मिनिटांसाठी उघडलेले साधन आपणांस किती वेळाने सोडते, हे घड्याळ पाहून टिपून ठेवावे. चांगले साधन काम झाले की आपणांस मोकळे करते.

पारखण्याची रीत

वरील विवेचनाचे सार विद्यार्थ्यांस उपयोगी पडावे, म्हणून ते क्रमाने देतो.

१. साधन घेण्यापूर्वी आपणांस काय शिकावयाचे आहे, ते एका वाक्यात वहीत लिहावे.

२. साधन नवे असताना, त्याची भुरळ पडण्यापूर्वीच, आपणांस पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट त्यास विचारावी. उत्तर चुकले, तर न ठाऊक असलेल्या गोष्टीत त्यावर विसंबू नये.

३. उत्तर वेगळे आले, तर लगेच आपण चुकलो असे मानू नये, आणि यंत्र चुकले असेही मानू नये. मोजपट्टी कोणाची, हे आधी शोधावे.

४. पंधरा दिवस वापरावे. रोज किती वेळ गेला व काय आले, याची एकेक ओळ लिहावी.

५. सोळाव्या दिवशी साधन बंद ठेवून तेच काम स्वतः करून पाहावे: आकाशात दहा तारे ओळखावेत, पंचम लावावा, एक डाव मांडून त्यावर बोलावे, एक पत्र लिहावे. जे हाती राहिले, ते आपले, बाकीचे यंत्राचे.

६. विषय आपणांस मुळीच येत नसेल, तर ज्यास येतो अशा माणसाच्या शेजारी बसून साधन वापरावे.

या सहा गोष्टींपैकी शेवटची सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत अधिक विसरली जाते. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजोबांस विचारण्याऐवजी आपण पडद्यास विचारतो. आजोबांचे उत्तर कधी लांबेल, कधी विषयांतर होईल. परंतु ते पडद्याचे उत्तर पारखून देऊ शकतात, पडदा मात्र त्यांचे उत्तर पारखू शकत नाही. येत्या सुट्टीत आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनी एखादे साधन निवडावे, पंधरा दिवस या रीतीने पारखावे आणि आपला अनुभव लिहून आणावा. मोबाइलचा कळफलक मराठी करून घेण्यास मात्र सुट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम आज संध्याकाळीच होण्यासारखे आहे.